नानांच्या कुंडाचं माप

"वाक," नाना म्हणाले. मी वाकलो.

"अजून." अजून वाकलो. नाकासमोर माझेच गुडघे आले.

"देखो बच्चों, ये हुआ न्यूनकोण. नब्बे से कम." मग खाली तोंड करून, हळू आवाजात, फक्त मला: "हलू नकोस रे रेड्या."

धारची शाळा, सातवीचा वर्ग. शाळा हिंदी. नाना आमचे गणिताचे सर. मराठीच, जुन्या दरबारी घराण्यातले. वर्गात सगळ्यांशी हिंदीत बोलायचे, माझ्याशी तेवढं मराठीत. घरची भाषा मला शाळेत फक्त बोलणी खायला मिळाली.

त्या दिवशी चूक माझी होती, हे आधी कबूल करतो. नानांनी कंपासपेटी आणायला सांगितली होती. पेटी होती माझ्याकडे. पण आतला चांदा, म्हणजे इकडे कोनमापकाला म्हणतात तो, मी आदल्या संध्याकाळी चुलीजवळ धरला होता. एकशे ऐंशी अंश आहेत, तापवून ताणला तर दोनशे होतात का, बघावं म्हटलं. झाले नाहीत. चांद्याची पुरी झाली. तळायची तेवढी राहिली.

"चांदा नाही?" नाना म्हणाले. "मग तूच चांदा हो. ये पुढे."

मी खूश होऊन पुढे गेलो. हे सांगायला लाज वाटते, पण गेलो खूशच. फळ्यापाशी कधी कुणी बोलावलं नव्हतं.

थोडं वाकवलं, तो अधिककोण. मराठीत त्याला विशालकोन म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. खूप वाकवलं, तो न्यूनकोण. मग समकोण, आपला काटकोन. तो काही मला जमेना. पाठ कधी ब्याण्णवावर, कधी अठ्ठ्याऐंशीवर. नानांनी फळ्याची लाकडी पट्टी घेतली आणि तिच्या टोकानं माझी पाठ दाबली. वर गेली की दाबायचे. खाली गेली की पोटाखालून उचलायचे. पोरं हसत होती. मीही हसत होतो. वाकलेल्या माणसाला हसताना फार त्रास होतो, लाळ नाकाकडे येते.

मग म्हणाले, "आता एकशे ऐंशी. सरळकोन. आडवा हो."

झालो आडवा. फळ्याखाली, खडूच्या भुकटीत. तास संपेपर्यंत तसाच ठेवला. वर नाना पुढची रचना शिकवत होते, रेषाखंडाचे पाच सारखे भाग कसे करायचे. ती मी खालून पाहिली, उलटी. गंमत अशी की सातवीत मला पक्की कळलेली ती एकच रचना.

उभा माणूसही सरळकोनच असतो. ताठ, एकशे ऐंशी. हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. नानांना तेव्हाच सुचलं नसेल, असं मी मानत नाही. गणिताचे सर होते.

दुसऱ्या दिवशी आणखी एक पोरगा पेटी विसरला. त्यालाही पुढे बोलावलं. त्याची पाठ नानांनी हातानं सरळ केली. तळहातानं, थोपटून. "ऐसे बेटा, ऐसे."

मी बाकावरून पाहत होतो. त्याच्यासाठी हात. माझ्यासाठी पट्टी.

तोवर मला वाटत होतं की मी ढ आहे म्हणून हे चाललंय. त्या क्षणी कळलं की ढ असणं वेगळं आणि मी वेगळा. घरी येऊन बापाला विचारलं. बाप मिस्त्री, म्हणजे गवंडी. तो थापी धूत होता, धूतच राहिला. म्हणाला, "तुला आता कळलं? बरं झालं. मला लग्नानंतर कळलं."

शाळेत माझं नाव चांदा पडलं. आठवीत नापास झालो आणि बापाच्या हाताखाली गेलो.

*

आता मी देवासला असतो. मिस्त्री आहे. पोट सुटलंय, दाढी आहे, तंबाखू सोडतो सोडतो म्हणतो. मराठी लिहायला बायकोनं शिकवलं. सुमन जळगावकडची, तिची शाळा मराठी. माझ्याबरोबर कामावर असते. सिमेंट-वाळूचा गारा तिच्यासारखा कुणी कालवत नाही, आणि माझ्या चुकाही तिच्यासारख्या कुणी मोजत नाही. स्वयंपाकघराचा ओटा बांधताना एकदा मी नळाचा पाइप आतच चिणला होता. ते ती अजून पाहुण्यांना सांगते.

पण कोपरा माझा सरळ असतो. त्यात चूक नाही. दोरीवर तीन हात, चार हात, पाच हात अशा खुणा करायच्या, तीन खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. काटकोन आपोआप बसतो. मग चौकोनाचे दोन्ही कर्ण मापून पाहायचे. सारखे आले की झालं.

या कोपऱ्यापायी मी होमकुंडं बांधायला लागलो. बागलीचे एक गुरुजी आहेत, माझ्याहून लहान, मोटारसायकलवर पूजा करत फिरतात. त्यांनी एका घरी माझा ओटा पाहिला आणि म्हणाले, "भिया, तू कुंड बांधशील?" भिया म्हणजे इकडे भाऊ. तेव्हापासून देवास, धार, हाटपिपल्या, गुरुजी नेतील तिथे मी विटांची कुंडं बांधली. माझं काम झालं की गुरुजी तिथे गोमूत्र शिंपडतात. म्हणतात, सगळ्याच मिस्त्रींच्या मागे शिंपडतो. शिंपडत असतीलही. पण शिंपडताना माझ्याकडे बघत नाहीत.

कुंडाचं माप ठरलेलं नसतं. ते यजमानाच्या अंगावरून घेतात. ज्याच्या घरी होम, त्यानं उभं राहायचं, दोन्ही हात वर करायचे. पायापासून बोटांच्या टोकापर्यंत दोरा धरायचा. त्याचा पाचवा भाग म्हणजे एक हात. तेवढं लांब, तेवढं रुंद, तेवढं खोल कुंड. माणूस आपल्याच मापाच्या अग्नीत आहुती देतो, असं गुरुजी समजावतात. माप चुकलं तर होम फळत नाही, उलटतो म्हणतात. एरवी दोरा गुरुजी धरतात. मी लांबून बघतो आणि दोरा जमिनीवर ठेवला की उचलतो.

गेल्या वर्षी गुरुजींचा फोन आला. "भिया, देवासलाच आहे काम. भीमरथी शांत. सत्तरी झाली नानांची. धारला मास्तर होते, आता मुलाकडे असतात इथे."

मी विचारलं, "गणिताचे?"

"हां. ओळखतोस?"

"नाही," मी म्हणालो.

सुमननं विचारलं, "जायचंय कशाला?" मी म्हटलं, काम आहे. ती म्हणाली, "खोटं बोलताना तुमचा डावा कान हलतो."

काम नव्हतंच ते. मला बघायचं होतं, त्या माणसाची पाठ आता किती अंशात आहे.

*

ताठ होती. हेच मला सहन झालं नाही. सत्तरीचे नाना, नुकती आंघोळ केलेली, धोतर, अंगावर उपरणं, व्हरांड्यात उभे. मला ओळखलं नाही. गुरुजींनी अंगणातली जागा दाखवली, मोबाइलवर पूर्व बघून दिली आणि धारला दुसरी पूजा होती म्हणून निघून गेले. दोरा धरायचं विसरले.

मी दोरा घेऊन पुढे झालो. नाना दोन पावलं मागे सरले.

"दोरा खाली ठेव. आम्ही सोवळ्यात आहोत."

"माप घ्यायचंय."

"मुलगा घेईल."

मुलगा आत लॅपटॉपसमोर, कानात बटणं. बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, हाइट बता दो ना, पाँच-छह. मीटिंग चालू है," आणि आत गेला.

"ऐकलंस ना?" नाना म्हणाले. "पाच फूट सहा. बाकी गुरुजींना विचार. हिशेब काही तुझ्याच्यानं व्हायचा नाही."

आणि आत गेले. मी गुरुजींना फोन लावला. मागे मंत्र चालले होते. गुरुजी कुजबुजले, "भिया, मी पूजेला बसलोय. हात वर केल्यावर जे येईल ते घे. उद्या सकाळी तयार पाहिजे."

हात वर केल्यावर. कोणाचे, ते बोलले नाहीत.

मी अंगणात उभा राहिलो. हातात दोरा, समोर बंद दार. असं वाटलं की तो माणूस आतून पुन्हा पट्टी घेऊन उभा आहे. सातवीत मी हसलो होतो. आता हसायला आलं नाही. मग मी कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावली, ताठ उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले.

"सुमन, खूण कर."

ती म्हणाली, "अहो, हे त्यांचं माप नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मग खूण कर. हात दुखतायत."

तिनं माझ्या बोटांच्या टोकाशी विटेच्या तुकड्यानं रेघ मारली. तिथून जमिनीपर्यंत दोरा धरला. धरता धरता खाली पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"काय झालं?"

"चप्पल काढायची राहिली तुमची."

राहिली होती. जन्मभर असंच. मोठी गोष्ट करायला जातो आणि चप्पल काढायची राहते. पुन्हा मापायला निघालो, मग थांबलो. अर्ध्या इंचाचा तळ. त्याचा पाचवा भाग, म्हणजे सुताला जरा कमी, इंचाचे आठ सूत धरून. राहू दे म्हटलं. मी आणि चप्पल, कुंडात दोघंही जाऊ.

दोऱ्याचे पाच भाग करायचे होते. दोरा जमिनीवर ताणला. त्याच्या एका टोकापासून तिरकी रेघ मारली, कुठलाही लघुकोन चालतो. त्या रेघेवर पाच विटा ओळीनं लावल्या. पाचव्या विटेचं टोक दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जोडलं आणि पहिल्या विटेच्या टोकापासून त्याला समांतर रेघ आणली. जिथे दोऱ्याला टेकली, तो पाचवा भाग. नानांनीच शिकवलेली रचना. खालून पाहिलेली.

दिवस मावळायच्या आत कुंड उभं राहिलं. तीन पायऱ्या, चार कोपरे, दोन्ही कर्ण सारखे. संध्याकाळी गुरुजी आले, खूश झाले, गोमूत्र शिंपडलं. मी गप्प.

खरं सांगतो, गप्पच राहणार होतो. घरी येऊन एकटा हसलो असतो आणि वर्षानुवर्षं हसत राहिलो असतो. तेवढ्यावर माझं भागलं असतं.

*

होमाच्या सकाळी मिस्त्रीनं फाटकाशी थांबायचं असतं, वीट हलली तर हाताशी असावा म्हणून. मी आणि सुमन फाटकाशी. अंगणात तीस-चाळीस पाहुणे, देवासची-धारची मराठी घरं, बायका नऊवारीत, पोरं हिंदीत भांडतायत. नाना बाहेर आले. हातात लाकडी गुण्या, मोठा, वर्गात फळ्यावर जन्मभर वापरलेला. निवृत्तीच्या वेळी शाळेनं तोच त्यांना देऊन टाकला म्हणे. कुंडापाशी आले आणि कोपऱ्याला लावला.

फट दिसली. पेन्सिल जाईल एवढी.

"मिस्त्री! हा काटकोन आहे? अठ्ठ्याऐंशी आहे हा."

"नव्वद आहे, नाना."

"मला शिकवतोस? चाळीस वर्षं शिकवलंय मी धारला."

गुरुजी मध्ये पडले. "नाना, हा पण धारचाच आहे. तुमच्याच शाळेतला असेल."

नानांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दाढीच्या मागे कुठेतरी मी सापडलो. चेहरा उजळला त्यांचा. खरंच आनंद झाला, वाईट याचंच वाटतं.

"अरे, चांदा! तू होय रे!" मग पाहुण्यांकडे वळून: "याला मी कोन शिकवले. सगळ्या वर्गासमोर उभा करून. असा वाकायचा की पोरं आयुष्यात विसरायची नाहीत." पाहुणे हसले. नाना मला म्हणाले, "ये, ये पुढे. दाखव यांना नव्वद म्हणजे कसं. मग तुझं कुंड बघ. वाक बरं जरा."

पंचेचाळिशीतल्या माणसाला. बायकोसमोर.

आणि आता माझी खरी लाज सांगतो. माझी कंबर हलली. आपोआप. बोटभर वाकलो असेन. शरीराला तीस वर्षांनीसुद्धा आवाज ओळखू आला. मागून सुमननं माझा सदरा धरला. ओढला नाही, नुसता धरला.

मी सरळ झालो.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"वाकणार नाही. तुमचा गुण्या उलटा करून बघा."

मिस्त्री लोक रोज करतात हे. गुण्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, मग तो पालथा करून त्याच जागी दुसरी मारायची. गुण्या खरा असेल तर रेघा एकमेकींवर बसतात. खोटा असेल तर फाकतात. नानांना हे मी सांगायला नको होतं. त्यांना माहीत होतं. म्हणूनच ते हलले नाहीत.

"बाबा, कर लो ना," मुलगा म्हणाला. त्याला मुहूर्ताची घाई.

कुणीतरी खडू आणला. नाना व्हरांड्याच्या फरशीवर बसले. फरशीचा सांधा धरून पहिली रेघ मारली. गुण्या पालथा केला. खडू टेकवला आणि थांबले. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. म्हातारपणानं असेल. मला काय त्याचं. मी म्हणालो, "मारा."

मारली. दोन रेघा खालून एकत्र निघाल्या आणि वर कात्रीसारख्या उघडल्या.

चाळीस वर्षं. धारच्या किती पोरांचे काटकोन त्या लाकडानं खोटे ठरवले असतील.

गुरुजींनी सावरायला पाहिलं. गोड माणूस, भित्रा. "लाकूड आहे, पावसाळ्यानं फिरतं. कोन बरोबर, माप तुमचंच, नाना. चला, बसू या."

इथे मी गप्प बसायचं. जिंकलो होतो. पण माझं तोंड माझ्या नळासारखं आहे, चिणलं तरी कुठूनतरी गळतं.

"माप त्यांचं नाही," मी म्हणालो. "माझं आहे."

"म्हणजे?"

"नानांनी हात लावू दिला नाही. मग भिंतीशी मी उभा राहिलो, हात वर करून. या कुंडात नाना नाहीत. मी आहे." आणि राहवलं नाही म्हणून: "चप्पल घालून."

एक म्हातारी बाई "अगं बाई" म्हणाली. गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला. नाना उठले. मग ओरडले, "फोड ते! आत्ताच्या आत्ता फोड!"

"मी नाही फोडणार. तुमच्यातल्या कुणीही फोडा. कुदळ फाटकाशी आहे."

कुणी पुढे आलं नाही. मी बांधलेल्या विटांना सोवळ्यात हात कोण लावणार?

"काल गोमूत्र शिंपडलं होतं ना?" मी गुरुजींना विचारलं. "त्यानं मी निघालो नाही का?"

गुरुजी समिधांची जुडी सोडून पुन्हा बांधायला लागले.

शेवटी मुलानं बाजारात गाडी पाठवून तांब्याचं तयार कुंड आणवलं, ताटाएवढं. माझ्या कुंडाच्या शेजारी ते ठेवलं आणि त्यात नानांनी सत्तरीच्या आहुत्या घातल्या. धूर जास्त, जाळ कमी. मी फाटकाबाहेर शेवटपर्यंत उभा राहिलो. जा म्हणाले, गेलो नाही. नानांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. धुरानं असेल. नसलं तरी मला दया आली नाही. यायला हवी होती म्हणतात. मी वाट पाहिली, नाही आली.

*

गुरुजींनी सहा महिने फोन केला नाही. मग केला, कारण दुसऱ्या मिस्त्रीचा कोपरा फाकला.

"भिया, झालं गेलं सोडून दे. हाटपिपल्याला काम आहे."

गेलो. यजमान अंगणात उभा होता, हात वर करून. गुरुजींनी दोरा उचलला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि यजमानाच्या पायाशी बसलो. दोऱ्याचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याशी माझ्या बोटांनी दाबून धरलं. त्यानं पाय मागे घेतला.

मी उठलो, अवजारं पोत्यात भरली, सुमनला म्हटलं, चल. गुरुजी रस्त्यापर्यंत मागे आले, "अरे भिया, सुन तो" करत. तोच यजमान आठ दिवसांनी माझ्या दारात आला. पाय पुढे केला. मग बांधलं.

आता असंच आहे. पायाच्या अंगठ्यापासून बोटाच्या टोकापर्यंत मी स्वतः हात लावीन. ज्याला चालत नाही, त्यानं ताटात होम करावा.

आणि त्याआधी बांधलेली कुंडं? नानांची गोष्ट सगळीकडे गेली. मराठी समाज लहान आहे, कुणाच्या घरी काय शिजलं ते दुपारपर्यंत धारला कळतं. लोक फोन करतात. मोठे लोक, जे मला नावानंही हाक मारत नव्हते. आवाज खाली आणून विचारतात, "मिस्त्रीसाहेब, आमच्या कुंडाचं माप कुणाचं हो?" कुणाच्या मुलाचं लग्न मोडलंय, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलंय. त्यांना कारण हवंय.

दोरा गुरुजी धरायचे, पण त्याचे पाच भाग मीच करायचो. मला माहीत आहे, कुठल्या कुंडात कोण आहे. सुमनलाही माहीत आहे. आम्ही सांगत नाही. तुम्हालाही सांगणार नाही. त्यांनी रात्रंदिवस विचार करावा, आणि मरेपर्यंत त्यांना कळू नये.